हा चालतो का?

गेल्या मे महिन्यात नगरच्या रणगाडा संग्रहालयात सात-आठ वर्षांचा एक मुलगा मामाचा हात धरून फिरत होता. प्रत्येक रणगाड्यापाशी पोहोचला की तो आधी त्याच्या लोखंडी पट्ट्याला हात लावून बघायचा, चटका बसला की हात झटकायचा आणि मग विचारायचा, "मामा, हा चालतो का?" मामा सोशिक होते. पहिल्या काही रणगाड्यांपाशी त्यांनी "नाही रे, आता बंद आहे" असे सांगितले. मग कंटाळून "चालत असेल बाबा, इंजिन आहे ना त्याला" असेही सांगून पाहिले. शेवटी झाडाच्या सावलीत उभ्या असलेल्या जवानाकडे त्यांनी बोट दाखवले. मुलगा धीटपणे त्याच्यापर्यंत गेला. जवान हसला आणि म्हणाला, "सब बंद है, बेटा." मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. "मग सगळेच बंद?" असे तो मामाला म्हणाला, आणि त्या स्वरात आपल्याला फसवून इथे आणल्याची स्पष्ट तक्रार होती. मामांनी त्याला बाहेर उसाचा रस पाजण्याचे कबूल केले तेव्हा कुठे त्याचे पाय पुढे पडले.

माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न तेव्हापासून कुसळासारखा रुतून बसला आहे.

आपण मोठी माणसे अशा ठिकाणी हा प्रश्न विचारत नाही. आपण पाटी वाचतो, देश बघतो, साल बघतो, वजनाचा आकडा बघून भुवया उंचावतो आणि तोफेच्या नळीखाली उभे राहून फोटो काढून घेतो. नगरचे हे संग्रहालय 1994 मध्ये इथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने उभारले. सोलापूर रस्त्याला, निजामशाहीतल्या फराहबागेच्या आसपासचा हा लष्करी परिसर. ज्या महालाभोवती एके काळी पाणी खेळत होते, त्याच्या शेजारी आज इंग्लंडची मटिल्डा आणि व्हॅलेंटाइन, अमेरिकेचा शेरमन, ब्रह्मदेशच्या आघाडीची आठवण करून देणारे जपानी रणगाडे आणि आपला विजयंत असे सगळे गवताच्या चौकोनांत रांगेने उभे आहेत. जपानी हा-गो तर इतका चिमुकला आहे की त्यात माणसे बसून लढायला गेली, यावर विश्वास बसत नाही. त्याचे चिलखत ठिकठिकाणी जेमतेम बोटभर जाडीचे, आणि बुरुजात एकट्या कमांडरनेच बघायचे, गोळा भरायचा, नेम धरायचा आणि हुकूमही सोडायचे. शेजारच्या चर्चिलकडे पाहिले की हे दोघे एकाच युद्धातले, हे पाटी वाचूनही खरे वाटत नाही. पण पाटीवर जाडी असते, वेग असतो, तोफेचा व्यास असतो. आत बसणाऱ्याचे गुडघे कुठे टेकत असतील, ते नसते.

त्या मुलाच्या प्रश्नाने मला निदान इंजिनाकडे बघायला लावले. रणगाडा म्हणजे जमिनीवरची, चिखलातली, जड वस्तू अशी आपली समजूत असते. पण दुसऱ्या महायुद्धातल्या कितीतरी रणगाड्यांचे काळीज विमानातून आलेले होते. शेरमन उंचच उंच, शत्रूला लांबून दिसेल असा दिसतो, त्याचे एक मोठे कारण हे की त्याचा आराखडा विमानाच्या गोलाकार रेडियल इंजिनाभोवती बेतला गेला होता. त्या इंजिनाला उंची लागते आणि तिथून पुढच्या चाकांपर्यंत शक्ती नेणारा दांडा बुरुजाच्या खालून जातो. साहजिकच बुरुज आणखी वर सरकला. इंग्लंडमध्ये बनलेल्या आणि आपल्या सैन्यानेही वापरलेल्या सेंच्युरियन रणगाड्याची गोष्ट याहून मजेची आहे. त्यातले रोल्स रॉइसचे मीटिअर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनाचेच जमिनीवर उतरवलेले भावंड. हवा दाबून भरणारा सुपरचार्जर काढून टाकला, बाकीचा सांगाडा बहुतांशी तोच. म्हणजे ज्या घराण्याच्या इंजिनाने इंग्लंडचे आकाश राखले, त्याच घराण्याच्या इंजिनाने पुढे पन्नास टनांहून जड धूड पंजाबच्या शेतांतून ओढले. पेट्रोलही ते तशाच विमानी थाटात पीत असे. सुरुवातीचे सेंच्युरियन एका भरण्यात शंभर किलोमीटरच्या आसपास जात, आणि तेही रस्त्याने. त्यामुळे रणगाड्यांच्या प्रत्येक तुकडीमागे पेट्रोलच्या गाड्या, दुरुस्तीच्या गाड्या, बंद पडलेल्याला ओढून आणणाऱ्या गाड्या असा मोठा लवाजमा असे. संग्रहालयात या लवाजम्याला फारसा मान मिळत नाही. साधा ट्रक बघायला तिकीट काढून कोण येणार?

1962 च्या ऑक्टोबरात लडाखमधल्या चुशूलला एएमएक्स-13 हे हलके फ्रेंच रणगाडे हवाई दलाच्या एएन-12 विमानांतून उतरवण्यात आले, ती हकीकत वाचल्यापासून तर विमान आणि रणगाडा ही दोन वेगळी खाती आहेत, असे मला वाटेनासेच झाले आहे. विमानाच्या पोटात रणगाडा घालायचा, तो विरळ हवेतल्या धावपट्टीवर उतरवायचा आणि तिथे त्याचे इंजिन सुरू करायचे. तिथे "हा चालतो का?" हाच सर्वांत मोठा प्रश्न असणार.

माझे लहानपण नगरच्या पंचक्रोशीत गेले, त्यामुळे रणगाडे दिसण्याच्या कितीतरी आधी ते ऐकू आले. मावशीचे गाव लष्कराच्या के. के. रेंज या गोळाबारीच्या सराव मैदानाच्या बाजूला होते. खारे कर्जुने या गावावरून ते नाव पडले, हे पुढे कळले. आम्हा मुलांना ती नुसती 'रेंज' होती. सरावाचा दिवस असला की आधी पायाखाली काहीतरी सरकल्यासारखे वाटे, मग फडताळातली पितळी भांडी किणकिणत आणि मग तो धप्प असा आवाज येई, ऐकू येण्यापेक्षा छातीत जास्त जाणवणारा. मावशी भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणे, "चालू झालं त्यांचं." गोठ्यातली जनावरेही सरावलेली होती, नवीन आणलेली गाय तेवढी दावणीला हिसके देई. त्या बाजूच्या गावांचे आणि त्या मैदानाचे नाते सरळ नव्हते आणि आजही नाही. जमिनी जाण्याची धास्ती आहे, आणि त्याच मैदानातले गोळ्यांचे भंगार वेचून चार पैसे गाठीला बांधण्याचा मोहही आहे. न फुटलेला गोळा हाती लागून माणसे गेल्याच्या बातम्या आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिथे लोखंडाला, पितळेला, ॲल्युमिनियमला इतिहास नसतो. किलोचा भाव असतो. संग्रहालयातल्या गवतावर फिरताना हा भाव माझ्या मनातून जात नाही, आणि तो जाऊ नये असेही वाटते.

युद्धात मिळवलेली वस्तू आणून मिरवायची, ही रीत नगरला नवी नाही. मलिक-ए-मैदान, म्हणजे आपली मुलूखमैदान तोफ, 1549 मध्ये याच शहरात रूमी खानाने ओतली. वजन पंचावन्न टनांच्या आसपास, म्हणजे सेंच्युरियनपेक्षाही जास्त, आणि चालायला स्वतःचे इंजिन नाही. ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि 1632 मध्ये तिथून विजापूरकरांनी ती ओढत विजापूरला नेली. तिला ओढायला शेकडो बैल आणि वर हत्ती लागले असे सांगतात, आणि तोफ पाहिली की त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. आज ती तिथे बुरुजावर आहे, तिच्या सिंहाच्या जबड्यात चिरडत असलेला हत्ती कोरलेला आहे, आणि नगरकराला ती पाहायला परगावी जावे लागते. उलट नगरमध्ये आज जगभरातून हरलेल्यांचे आणि जिंकलेल्यांचे लोखंड येऊन थांबले आहे. इतिहासाने कुठेतरी फिट्टंफाट केली, असे म्हणायचे असेल तर म्हणावे.

पॅटनपाशी सर्वांत जास्त गर्दी असते. लोक त्याच्यावर जरा हक्कानेच हात टेकतात. 1965 च्या सप्टेंबरात खेमकरणजवळच्या असल उत्तरला पाकिस्तानचे हे नवेकोरे अमेरिकी रणगाडे कसे रुतले, हे आपल्याकडे शाळेपासून सांगितले जाते; अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने टिपलेले पॅटन आणि भिखिविंडला पकडलेल्या रणगाड्यांचे वसलेले 'पॅटन नगर' हेही सर्वांना ठाऊक आहे. मला त्या लढाईतली जी गोष्ट सर्वांत जवळची वाटते ती वेगळी आहे. आपल्या सैन्याने कालव्याचे पाणी शेतांत सोडले होते आणि आपले रणगाडे उभ्या उसात दडले होते. नगर जिल्ह्यातल्या माणसाला पाटाचे पाणी फोडणे म्हणजे काय आणि रात्रीतून भरलेल्या रानात पाय कसा जातो, हे कोणी समजावून सांगायला नको. भिजवलेल्या उसात बैलगाडी रुतली तर ती बाहेर काढायला अख्खी वस्ती लागते. इथे तर पंचेचाळीस टनांहून जड यंत्र होते आणि समोरून नेम धरलेले सेंच्युरियन. जगातल्या आधुनिक रणगाड्यांत ज्याची गणना होत होती, तो उसाच्या पाटात अडला. हे वाचताना मला अभिमान वाटतो, तो मी लपवत नाही. पण त्या पॅटनच्या समोर उभे राहिले की आणखी एक गोष्ट दिसते. त्याच्या पुढच्या झडपेतून बाहेर बघणारा चालक, चाके फिरत आहेत पण गाडी पुढे जात नाही, हे कळल्यावर नेमके काय करत असेल? मागे घेण्याचा गिअर शोधत असेल. हाही एक चालण्याचाच प्रश्न. त्या चालकाबद्दल मला काय वाटते ते मला आजवर धड ठरवता आलेले नाही.

या संग्रहालयाच्या आसपासच कुठेतरी 1971 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात एक एकवीस वर्षांचा मुलगा वर्गात बसत होता. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, 14 ऑक्टोबर 1950 चा; रेजिमेंट पूना हॉर्स. नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी तो नगरला आला होता आणि युद्ध सुरू झाल्यावर प्रशिक्षण अर्धे टाकून शकरगढच्या आघाडीवर गेला. पूना हॉर्सला त्याआधी 1965 मध्ये फिलोराच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्या रूपाने परमवीरचक्र मिळालेले होते. पुण्याच्या दस्तूर शाळेत शिकलेल्या तारापोरांची रेजिमेंट, त्यामुळे पोराने काय ऐकत ऐकत सेवा सुरू केली असेल याची कल्पना येते. 16 डिसेंबरला, ज्या दिवशी संध्याकाळी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या त्याच दिवशी, बसंतर नदीपलीकडे जरपाल गावाजवळ पाकिस्तानी रणगाड्यांनी प्रतिहल्ला चढवला. खेत्रपालांच्या सेंच्युरियनचे नाव 'फामागुस्ता'. रणगाडा पेटला तेव्हा वरिष्ठांनी रेडिओवरून तो सोडून बाहेर पडण्याचा हुकूम दिला. त्यांनी नकार दिला आणि कारण सांगितले ते इतकेच, की माझी तोफ अजून चालते आहे.

अजून चालते आहे.

तो रणगाडा पुढे नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन करून ठेवण्यात आला. त्याच्याबद्दल बोलताना बहुतेक लोक इथेच थांबतात आणि त्यांचे चूक नाही. मला मात्र त्यापुढची तीस वर्षे अस्वस्थ करतात. अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, 2001 मध्ये आपले जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ज्या निवृत्त ब्रिगेडियरच्या घरी त्यांचा पाहुणचार झाला, त्याने निघण्याच्या आदल्या रात्री सांगितले की त्या सकाळी समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. ऐंशी ओलांडलेल्या बापाने ते ऐकून घेतले. यजमानाने ते इतके दिवस आणि इतकी जेवणे होईपर्यंत मनात ठेवले होते, हेही मला तितकेच विलक्षण वाटते. दोन रणगाड्यांमध्ये त्या सकाळी जेवढे अंतर होते, त्याहून ते दोघे त्या रात्री नक्कीच जवळ बसलेले असणार. लोखंड जपून ठेवण्याची आपल्याकडे व्यवस्था आहे. अशा रात्री जपायची नाही, आणि ती असावी की नसावी, हेही सांगता येत नाही.

गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे, 1998 पासूनचे. तिथे सी हॉक आहे, आलिझे आहे, सी हॅरियर आहे, आणि एअर इंडियाच्या प्रवासी सेवेतून हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे आलेले, तीन शेपट्यांचे, डौलदार सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. गोव्याला जाणारे मराठी कुटुंब समुद्रातून थेट जेवणाकडे वळते, म्हणून तिथे निवांत फिरता येते. समुद्राचा खारा वारा ॲल्युमिनियम खातो. सांध्यांच्या रिबिटांभोवती रंग फुगतो आणि नखाने टोकरला तर खाली पांढरी भुकटी दिसते. सी हॉक आणि आलिझे विमानांनी 1971 मध्ये जुन्या विमानवाहू 'विक्रांत'वरून उडून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. ती विमाने आज उभी आहेत. त्यांना समुद्रात वाहून नेणारी 'विक्रांत' मात्र नाही. 1997 मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून राहिली, 2012 मध्ये लोकांसाठी बंद झाली आणि 2014 मध्ये लिलावात साठ कोटींना गेली. मुंबईतल्या दारूखाना इथल्या जहाजतोडणीच्या धक्क्यावर तिचे तुकडे पडले. तिच्या पोलादातला काही भाग बजाजच्या एका मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत गेला. म्हणजे 'विक्रांत' एका अर्थाने अजून चालते आहे, नाक्यावरच्या सिग्नलला थांबते, पंपावर शंभराचे पेट्रोल भरते. हे जपणे झाले की विकणे, यावर माझ्या दोन मित्रांत रात्रभर भांडण झाले होते. मी विकणे म्हणणाऱ्याच्या बाजूचा आहे. इतके मोठे जहाज सांभाळायला पैसा लागतो, हे मान्य. पण तो नाही हे कळायला आपण सतरा वर्षे घेतली, तेवढ्यात गंजाने आपले काम करून टाकले.

चालती यंत्रे ठेवावीत की थांबलेली, हा वाद जगभरच्या संग्रहालयांत आहे आणि तो फुकाचा नाही. इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात 1943 मध्ये ट्युनिशियात पकडलेला जर्मन टायगर आहे, दुरुस्त करून चालता ठेवलेला एकमेव टायगर-1. तो वर्षातून ठरावीक वेळाच मैदानात फिरवतात, कारण प्रत्येक फेरीत मूळ यंत्राचा थोडा थोडा भाग झिजतो आणि नवा भाग बसवला की तितका टायगर कमी होतो. आपल्या हवाई दलानेही हिंडनला जुन्या विमानांचा ताफा उडता ठेवला आहे. 2018 मध्ये त्यात 'परशुराम' नावाचे डकोटा आले. डकोटाचा आवाज ऐकलेल्या माणसाला 1947 च्या 27 ऑक्टोबरला डकोटांतून श्रीनगरला उतरलेल्या आपल्या तुकडीबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही. पण रणगाड्याचे तसे नाही. तो चालवून दाखवला तर लोक धूर बघतील, टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. बाहेरून चालणारा रणगाडा थांबलेल्या रणगाड्याइतकाच बंद असतो. पावसापासून, गंजापासून वाचवायला तोफांच्या नळ्यांना झाकणे लागतात, झडपा पक्क्या कराव्या लागतात आणि दर काही वर्षांनी रंगाचा नवा थर चढतो; जपायचे तर हे करावेच लागते, आणि त्याच रंगाखाली गोळ्यांचे ओरखडे, कुणी खडूने काढलेली खूण, हात टेकून टेकून गुळगुळीत झालेली कडा हे सगळे बुजत जाते.

बॉव्हिंग्टनलाच एक सेंच्युरियन उभा चिरून ठेवला आहे. अर्ध्या कापलेल्या त्या रणगाड्यात चालकाची जागा दिसते, त्याच्या शेजारी मांडलेले गोळे दिसतात, वर तोफेच्या एका बाजूला नेमबाज आणि कमांडर एकामागे एक कसे चेपून बसत आणि दुसऱ्या बाजूला गोळे भरणारा उभ्या उभ्या कसा वळत असेल ते दिसते, आणि पाठीमागे पोलादी पडद्यापलीकडे ते विमानाच्या घराण्यातले इंजिन. चौघांपैकी एकालाही पाय लांब करायला जागा नाही. आपल्याकडे विजयंत पुष्कळ आहेत. 1965 पासून अवाडीला ते बनत होते, सेवेतून निघाल्यावर छावण्यांच्या दारांत, शहरांच्या चौकांत, बागांत चौथऱ्यांवर जाऊन बसले, आणि त्यांपैकी बहुतेकांकडे मान वळवूनही कोणी पाहत नाही. त्यातला एक नगरला आणावा आणि मधोमध कापावा, असे माझे म्हणणे आहे. माजी सैनिकांतले काही यावर रागावतील, हे मला माहीत आहे. ज्या गाडीत आयुष्याची उमेदीची वर्षे काढली ती करवतीखाली द्यायची कल्पना मलाही सोपी वाटत नाही. मी हे एका निवृत्त दफेदारांपुढे बोललो तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी टेबलावरच्या वहीचे पान फाडून घेतले, पेन्सिलीने बुरुज काढला आणि कुठे कापले तर गोळे भरणाऱ्याची जागा नीट दिसेल, ते रेघ मारून दाखवू लागले. ते स्वतः तिथेच उभे राहत असत. डाव्या बाजूने कापू नका, म्हणाले, तिकडून कापले तर माझीच जागा जाईल.